कणगीतला बावीस नंबर

माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधात एक इंग्रजी वाक्य आहे. त्याचा मराठीत अर्थ असा, की हा वाण हवाबंद द्राक्षरसात तीन महिने टिकून राहिल्याचे आढळले. वाचणाऱ्याला वाटतं, काय ती टापटीप प्रयोगशाळा! खोटं त्यात काही नाही. फक्त त्या 'हवाबंद'मध्ये एक जुनं धोतर, परसातली माती आणि माझ्या वडिलांची अब्रू एवढा ऐवज होता, तो मी लिहिला नाही. अप्पांनीच लिहू दिला नाही.

सत्तरीच्या दशकातली मधली वर्षं. सोलापुरातल्या एका कॉलेजात मी डेमॉन्स्ट्रेटर होते, म्हणजे मुलांना सूक्ष्मदर्शकात काय दिसतं ते दाखवायचं आणि त्यांना ते दिसत नसलं तरी दिसलं म्हणून सही करायची. नोकरी हंगामी. उरलेल्या वेळात आमच्या विभागप्रमुखांच्या, म्हणजे सरांच्या, हाताखाली संशोधन. विषय यीस्ट. अप्पा गिरणीत टाइमकीपर. आयुष्यभर लोक किती मिनिटं उशिरा आले हे लिहून त्यांचा स्वभावच तसा झाला होता. मी संध्याकाळी घरात पाऊल टाकलं की नमस्कार-चमत्कार नाही, आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघणार. राग माझ्या नाकावर असतो असं सगळे म्हणतात. तो कुठून आला हे विचारायची गरज कुणाला पडत नाही.

"काय करतीस तू तितं दिवसभर?" एकदा जेवताना त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. यीस्ट म्हणजे पाव फुगवणारा बारीक जीव. त्याला जगायचे दोन रस्ते. हवा असली तर श्वास घेऊन साखर पुरती जाळायची, नसली तर नुसती आंबवून कसंबसं भागवायचं. श्वास घ्यायला पेशीत एक एन्झाइम लागतं, ते सात तुकडे जुळून बनतं. त्यातल्या काही तुकड्यांचा नमुना पेशीच्या केंद्रकातल्या जीनमध्ये असतो, एका तुकड्याला एक जीन. त्या जीनमध्ये खोट आली की तो तुकडा नीट होत नाही, आणि बाकीचे सहा शाबूत असले तरी एन्झाइम चालत नाही. अशी खोट असलेलं यीस्ट मला शोधायचं होतं.

"म्हंजे एक माणूस गैरहजर आणि अख्खं खातं बंद," अप्पा म्हणाले.

"अगदी तसंच."

"मग त्या एकाला धरून आणायचं सोडून त्याच्या गैरहजेरीचा अभ्यास करतीस व्हय?"

मी भाकरीचा तुकडा मोडला. ते बरोबरच होतं.

ती गैरहजेरी सापडायला मला दीड वर्ष लागलं. यीस्टवर अतिनील दिव्याचा उजेड टाकायचा, उरलेसुरले जीव काचेच्या बशीत वाढवायचे, मग बशीत वरून एक औषध ओतायचं. श्वास घेणारे ठिपके लाल होतात, न घेणारे पांढरेच राहतात. हजारो लाल ठिपक्यांत एखादा पांढरा. तोही बहुतेक वेळा चुकीचा, कारण साधं अधू यीस्ट आपोआपही निघतं. त्याची पारख स्पेक्ट्रोस्कोपने करायची. यीस्टचा गोळा दिव्यासमोर धरून त्या नळीतून पाहिलं की सप्तरंगी पट्ट्यात काळ्या रेघा दिसतात. साध्या अधूत दोन रेघा गायब असतात. मला हवं होतं असं यीस्ट, ज्यात फक्त तांबड्या टोकाची एकच रेघ गायब आहे. बाविसाव्या पांढऱ्या ठिपक्यात ती गायब दिसली. नसलेली रेघ बघून इतका आनंद झालेली बाई सोलापुरात तोवर झाली नसेल. मी सरांना हाक मारली ती तीन वर्गांत ऐकू गेली.

त्याचं नाव पडलं बावीस नंबर. सर म्हणाले, "आता हा तीन ठिकाणी जपून ठेव." मी तीन नळ्यांत भरला आणि तिन्ही नळ्या विभागाच्या एकुलत्या एक फ्रीजमध्ये एकाच खणात, शेजारी शेजारी ठेवल्या. मला आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

जानेवारीत रेघांचे फोटो काढायचे म्हणून बावीस नंबर भरपूर वाढवला होता. काम झाल्यावर उरलेला गोळा मी फेकणार होते, पण डबा तसाच पिशवीत घरी आला. आईने झाकण उघडून वास घेतला.

"हे काय गं?"

"यीस्ट. उद्या गटारात ओतायचंय."

"दीड वर्ष जिवापाड जपलंस ते हेच का? आणि गटारात? विरजण कुणी गटारात ओततं का, अवदसे!"

आमच्या आईच्या जगात विरजण ही फार मोठी गोष्ट. विरजण संपू द्यायचं नाही, मागायला आलेल्या बाईला नाही म्हणायचं नाही, आणि तिन्हीसांजेनंतर काही झालं तरी द्यायचं नाही. माझा बावीस नंबर तिने गूळपाण्यात घालून मडक्यात ठेवला आणि आठ दिवसांत त्याचे अप्पे केले. अप्पे झाले छान. अधू असलं तरी आंबवण्यात ते कुठे कमी नव्हतं. समोरच्या तेलुगू विणकराच्या घरातली अक्का डोशासाठी वाटीभर घेऊन गेली, पलीकडची अक्कलकोटची कानडी काकू जिलबीसाठी घेऊन गेली. गल्लीत माझं संशोधन इतकं पोचलं की मला भाजीवाली विचारायची, "ताई, नवीन पीठ कवा काढणार?"

एकट्या अप्पांना ते पटलं नाही. ते गल्लीच्या व्यसनमुक्ती मंडळाचे अध्यक्ष होते. गणपतीत मांडवात उभं राहून दारूवर असं बोलायचे की न पिणारेही खाली मान घालायचे. बोलता बोलता समोरच्याच्या तोंडाजवळ नाक नेऊन वास घ्यायची त्यांना सवय होती, त्यामुळे त्यांच्याशी बोलताना सगळे दोन हात लांब उभे राहत. मार्चचं ऊन लागलं तसा त्या माणसाच्या स्वयंपाकघरात आंबलेल्या गुळाचा घमघमाट!

"ही हातभट्टी हाय का घर हाय?" ते कडाडले. "आधी ते मडकं परसात ठेवा. आणि उघडं ठेवा, वास कोंडला तर लोक काय म्हनतील?"

आईने मडकं परसात हलवलं आणि तोंडाला पातळ फडकं बांधलं. अक्का आणि काकूनेही अध्यक्षांना घाबरून तेच केलं.

मे महिन्यात कॉलेजला सुट्टी लागली. चुलतभावाचं लग्न होतं म्हणून आम्ही सगळे माढ्याला गेलो, पंधरा दिवस राहिलो. जूनच्या मध्याला विद्यापीठाचे तज्ज्ञ येणार होते. त्यांच्यासमोर बावीस नंबर बशीत वाढवून दाखवायचा, रेघ दाखवायची, की माझी नोंदणी कायम. नाही दाखवलं तर नोंदणी रद्द, आणि नोंदणीच्या टेकूवर उभी असलेली ती हंगामी नोकरीही गेली.

परत आल्यावर फ्रीज उघडला. आतून जो वास आला तो यीस्टचा नव्हता. वरपासून खालपर्यंत हापूस. सरांची सासुरवाडी रत्नागिरीकडची, तिथून पेट्या आल्या होत्या. माझ्या नळ्या पश्चिमेच्या खिडकीत ओळीने उभ्या होत्या. सोलापूरचा मे, पश्चिमेची खिडकी, पंधरा दिवस. नळीतलं खाद्य सुकून पापड झालं होतं.

"अगं, तासाभरासाठीच काढून ठेवल्या होत्या मी," सर म्हणाले. "मग घरून निरोप आला, मग मीही गावाला गेलो..."

मी सरांना काय बोलले ते सांगत नाही. शिपाई दारातून आत येत होता, तो उलट्या पावली गेला. सरांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला. मग म्हणाले, "तू म्हणतेस ते सगळं खरं आहे." त्यावर भांडायचं तरी कसं? जाताना त्यांनी माझ्या पिशवीत डझनभर आंबे घातले. आंबे, सांगायला नको, उत्तम निघाले. मी रडत रडत चार खाल्ले.

तिन्ही नळ्या मी ओल्या केल्या, गोंजारल्या, देव पाण्यात घालायचे तेवढे बाकी ठेवले. हिरव्या बुरशीशिवाय काही उगवलं नाही. मग डोक्यात उजेड पडला. विरजण! मी पळत घरी आले ते थेट परसात. मडक्यातलं थोडं बशीत घातलं. अक्काकडे गेले, काकूकडे गेले. दोघींनी वाट्या भरून दिल्या. काकू वर म्हणाली, "संध्याकाळ व्हायच्या आत आलीस ते बरं केलंस, नायतर उद्याच मिळालं असतं."

बेकरीवाले चाचा माझं तोंड बघून दुकानातून खाली उतरले. आमची पावाची ओळख जुनी.

"क्या हुआ बेटी? कायकू रोती?"

"माझं यीस्ट मेलं, चाचा."

"इत्तीच बात? मेरे पास डब्बा भरके है, ले जाव."

"तुमचं धडधाकट आहे हो. मला मोडकं पाहिजे."

चाचांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. "अच्छा छोड के मोडका कायकू होना?" म्हणाले, आणि एक नानकटाई हातावर ठेवली. त्यांना माझी खरोखर काळजी वाटली असावी, कारण दुसऱ्या दिवशी त्यांनी आईकडे माझ्या तब्येतीची चौकशी केली.

तीन घरांच्या तीन बशा वाढल्या. मी औषध ओतलं आणि समोर बसून राहिले. लाल. लाल. लाल. एकूण एक ठिपका लालभडक. असं का झालं ते कळायला फार अक्कल लागत नव्हती. उघड्या मडक्यात हवेतलं, पिठातलं, गुळातलं कसलंही यीस्ट येऊन पडतं. हवा मिळाली की धडधाकट भराभर वाढतं आणि माझ्यासारख्यांचं, म्हणजे माझ्या बावीस नंबरसारख्यांचं, नामोनिशाण राहत नाही. अप्पांनी मडकी उघडी ठेवायला लावली नसती तर काहीतरी आशा होती.

हे मी घरी येऊन स्वयंपाकघरात ओरडून सांगितलं. अप्पा बाहेर झोपाळ्यावर होते. "तुमच्या मंडळापायी! वास कोंडला तर कोंडला असता! कोंडलेलंच पाहिजे होतं मला! हवा नसती तर धडधाकट आणि अधू सगळे सारखेच, अधू टिकलं असतं!" आई 'गप्प' म्हणाली, मी गप्प झाले नाही. मग जी रडायला लागले ती थांबेचना. दीड वर्ष डोळे फोडून एक रेघ शोधली होती मी. ती माझी होती. जगात दुसऱ्या कुणाला ती सापडली असेल-नसेल, पण सोलापुरात ती मला सापडली होती, आणि मला ती परत पाहिजे होती.

बाहेर झोपाळ्याची करकर बंद झाली. त्या दिवशी अप्पा जेवायला उशिरा आले, आणि कुणीच घड्याळाकडे बघितलं नाही.

सकाळी गिरणीचा भोंगा व्हायच्या आधी ते चहाची बशी हातात घेऊन माझ्यासमोर येऊन बसले. भिंतीकडे बघत म्हणाले, "ते तुझं बावीस नंबर. झाकून ठिवलं तर जगतंय म्हनालीस काल."

"हो. हवा लागली नाही तर."

"झाकून म्हंजे किती?"

"किती म्हणजे?"

"म्हंजे... लई झाकून." त्यांनी बशी खाली ठेवली. "समज, मडक्याच्या तोंडावर झाकणाची परळ बसवली. त्यावर धोतराच्या पट्ट्या, वरनं माती लिंपली. आणि मडकं शाळूत पुरलं. कणगीत."

आईने चुलीपाशी हातातलं उलथनं खाली ठेवलं.

"कुणाच्या कणगीत?" तिने विचारलं.

"आपल्या," अप्पा म्हणाले.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्यांच्या पोटात गॅस धरायचा. वैद्यांनी द्राक्षासव सांगितलं होतं. विकतच्या बाटलीवर भरवसा नाही म्हणून मार्चमध्ये द्राक्षं स्वस्त झाल्यावर स्वतःच करायला घेतलं. रीतीप्रमाणे आंबायला धायटीची फुलं घातली, चार दिवस झाले तरी एक बुडबुडा येईना. आमच्या घराण्यात कुणाला धीर धरता येत नाही. आई देवळात गेली होती तेवढ्यात त्यांनी परसातल्या मडक्यातलं दोन पळ्या विरजण त्यात घातलं. तेव्हा मडकं ताजंच बाहेर ठेवलेलं होतं. मग बुडबुडे असे आले की अध्यक्ष घाबरले, आणि तोंड लिंपून मडकं ज्वारी साठवायच्या कणगीत तळाशी पुरलं. महिन्याने उघडायचं होतं. पण घरात कुणी नाही असा मुहूर्त तीन महिन्यांत त्यांना मिळालाच नाही.

"म्हणजे माझं मडकं हातभट्टी," आई म्हणाली, "आणि तुमचं?"

"ते औषध हाय."

"आंबवलेली द्राक्षं!"

"आयुर्वेदिक हाय!"

मला हसू येत होतं. अप्पा उठले, त्यांनी धोतर खोचलं आणि बाहीसकट हात कणगीत घातला. शाळू घरभर सांडला. तेवढ्यात कानडी काकू सकाळचं विरजण मागायला दारात आली. दुसरा कुणी असता तर त्याने मडकं परत आत ढकललं असतं. अप्पांनी ते छातीशी धरून बाहेर काढलं, काकूच्या देखत माती फोडली आणि पट्ट्या सोडल्या. जो वास सुटला तो परसापर्यंत नाही, चौकापर्यंत गेला असेल. काकूने पदर नाकाला लावला. अप्पांचे कान लाल झाले होते, पण त्यांनी परळ उचलून मडकं माझ्यापुढे केलं. "घे. लवकर घे, हवा लागंल."

त्या दिवशी गिरणीत टाइमकीपर वीस मिनिटं उशिरा पोचले. त्यांनी स्वतःच्या नावापुढे ती वीस मिनिटं लिहिली.

तळचा गाळ मी बशांत पसरला. तीन दिवसांनी औषध ओतलं. लाल ठिपके होतेच, पण त्यांच्यामध्ये पांढरे होते. एक-दोन नाही, चांगले मूठभर. तरी मी नाचले नाही. पांढरं तर साधं अधूही असतं. एकेक ठिपका वेगळा वाढवला, गोळा दिव्यासमोर धरला. पहिल्यात दोन रेघा गायब. दुसऱ्यात दोन. तिसऱ्यात सगळं जागच्या जागी आणि तांबड्या टोकाला एक रेघ नाही. या वेळी सरांना हाक मारायचं मला सुचलंच नाही. सर स्वतः आले, नळीतून बघितलं, आणि चष्मा काढून पुसत बसले.

तज्ज्ञ आले तेव्हा बावीस नंबर बशीत हजर होता. त्यांनी रेघ पाहिली, मान हलवली आणि विचारलं, "मूळ नळ्या खराब झाल्या म्हणता, मग हा कुठून आला?" सरांनी छताकडे पाहिलं. मी म्हटलं, "हवाबंद द्राक्षरसातून." तज्ज्ञ म्हणाले, "वा, फार दूरदृष्टीची योजना. कुणाची कल्पना?" मी म्हटलं, "घरच्यांची." नोंदणी कायम झाली.

इकडे काकूने आपलं काम चोख बजावलं होतं. आठ दिवसांत गल्लीतल्या पोराटोरांना ठाऊक झालं की अध्यक्षांच्या कणगीत मडकं निघालं. अप्पांनी कुणी विचारायची वाट बघितली नाही. मंडळाची बैठक बोलावली, उभं राहून सगळं जसंच्या तसं सांगितलं आणि राजीनामा ठेवला. "औषध हाय, पण लपवलं. लपवलं म्हंजे चुकलं," एवढंच म्हणाले. मी दारात उभी होते. त्या माणसाने त्या खुर्चीसाठी किती जीव टाकला होता ते मला माहीत होतं, आणि मला इतकं वाईट वाटलं की मी मध्येच ओरडून सांगणार होते, अहो, माझ्यासाठी काढलं त्यांनी ते! पण त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प बसले. राजीनामा मंजूर झाला. बैठक संपल्यावर चार सभासद मागे रेंगाळले आणि किलोभर द्राक्षांना किती गूळ घ्यायचा ते हळूच विचारून गेले.

पुढच्या मार्चमध्ये मी एकदा दुपारी लवकर घरी आले, तर अप्पा ओसरीत बसून मडक्याच्या तोंडाला माती लिंपत होते. उघड्यावर, सगळ्यांच्या देखत. शेजारी वाटीत आईने दिलेला बावीस नंबर होता. मध्यंतरी तो मीच कॉलेजातून नळीत भरून आणून दिला होता, आईला अप्प्यांसाठी पाहिजे म्हणून.

"काय अप्पा," मी चिडवलं, "परत पोट बिघडलं का?"

"माझ्या पोटाला काय धाड भरलीय?" त्यांनी वर न बघता पट्टी ओढून घट्ट केली. "तीन ठिकाणी ठेव म्हनले होते नव्हं तुझे सर? त्या तुमच्या फ्रीजचा मला भरवसा न्हाय. आंब्याचे दिवस आले."